लेखकावर उजेड पाडताना

लेख मागवणारा संपादक हल्ली लेखाआधी फोटो मागतो. 'सोबत अल्पपरिचय आणि अलीकडचा फोटो पाठवावा.' अल्पपरिचयाचं काही नाही. तो आपला आपणच लिहायचा असतो, त्यामुळे त्यात अल्प असं फारसं काही उरत नाही. घोडं पेंड खातं ते फोटोपाशी.

मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ साली निघाला, का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'चा. तेव्हापासून मराठी साहित्यात प्रवाह आले, गेले, एकमेकांवर रुसले. लेखकांचे फोटो मात्र ठरलेलेच. एक जण गालाला बोट लावून बसलेला, दाढ ठणकत असावी अशी शंका यावी असा. दुसरा खिडकीबाहेर टक लावून पाहणारा, मानधनाची मनीऑर्डर येतेय का ते बघत. तिसरा पुस्तकांच्या कपाटापुढे हाताची घडी घालून उभा, कोणी पुस्तक उसनं मागू नये म्हणून.

अहिल्यानगरच्या सावेडीत राहणारे एक लेखकमहाशय (म्हणजे प्रस्तुत लेखकच, पण स्वतःबद्दल आदरार्थी बहुवचनात लिहायची संधी रोज कुठे येते?) या तिन्ही प्रकारांना हसत आले आहेत. आपला फोटो कसा सहज हवा, बेसावध क्षणी टिपलेला, असं त्यांचं मत आहे. असा बेसावध क्षण मिळावा म्हणून ते घरात बराच वेळ सावध बसून असतात.

अखेर त्यांना हवा तसा एक फोटो मोबाइलमध्ये सापडला. काही वर्षांपूर्वी भाच्याने काढलेला. स्थळ चांदबीबी महाल. पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की डोंगरावर दिसणारी ती तीन मजली, अष्टकोनी इमारत. पावसाळ्याचे दिवस, कमानीत उभे लेखकमहाशय. या फोटोचे गुण त्यांच्या दृष्टीने तीन. पोट नेमकं दगडी कठड्याआड गेलं होतं. डोंगरावरच्या वाऱ्याने उरलेले केस असे काही उडवले होते की ते उरलेले आहेत हे कळू नये. आणि नजर दूर क्षितिजाकडे लागली होती. प्रत्यक्षात खाली गाडीपाशी कणसं विकणारा दिसत होता, पण ते फोटोत येत नाही.

दोष एकच. चेहरा दिसत नव्हता.

भाचा महालाच्या आतल्या अंधारात उभा, मामा कमानीत, मामाच्या मागे अख्खं नगरचं आभाळ. फोनने आभाळ आणि माणूस यांच्यात तडजोड घडवून आणायचा प्रयत्न केला आणि तडजोडीत होतं तेच झालं, दोघांचंही नुकसान. आभाळ पांढरंफटक, मामा काळेठिक्कर. शिवाय भाच्याने फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि फोनमधली जागा मोकळी करायला मूळ फोटो पुसून टाकला. त्याच्याकडे आता तिथल्या माकडाचे चांगले फोटो आहेत.

"स्टुडिओत नेऊन टचिंग करून घ्या," घरातून सल्ला आला. "हल्ली काहीही करतात ते." या 'काहीही'त किती अविश्वास भरला होता, ते त्या फोटोकडे न पाहता सांगता येणार नाही.

चितळे रोडच्या एका बोळातला स्टुडिओ. पुढे झेरॉक्स, मध्ये पासपोर्ट फोटो, मागे फ्लेक्सचं डिझाइन. संगणकावर पंचविशीचा ऑपरेटर. त्याच्या मागे भिंतीला टेकून खुर्चीत बसलेले म्हातारे मालक, ज्यांना सगळा चितळे रोड काका म्हणतो. ऑपरेटरने फोटो उघडला, मोठा केला, मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे.

"सर, यात तुम्ही कुठले?"

मधला काळा भाग म्हणजे आपण, हे लेखकमहाशयांनी बोट ठेवून दाखवलं.

सॉफ्टवेअर काय करू शकतं आणि काय नाही, हे लेखकमहाशयांना त्या दिवशी तपशिलात समजलं. संगणकाच्या हिशेबात फोटोतल्या प्रत्येक टिपक्याला तीन आकडे असतात. लाल, हिरवा, निळा. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. ० म्हणजे ठार काळोख, २५५ म्हणजे भरगच्च उजेड. आभाळाचे तिन्ही आकडे २५५ ला जाऊन टेकले, की तिथे ढग होता, घार होती की काहीच नव्हतं, हे कायमचं गेलं. मग सॉफ्टवेअर चोरीचं असो की विकतचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

काळोखाचं थोडं बरं असतं. लेखकमहाशयांचा चेहरा दहा आणि तीसच्या दरम्यान कुठेतरी चाचपडत होता. या वीसेक पायऱ्यांत त्यांचं नाक, चष्मा, गाल आणि (असल्यास) तेज एवढं सगळं कोंबलेलं. ते ओढून दीडशे-पावणेदोनशेपर्यंत न्यायचं म्हणजे दोघांपुरतं केलेलं पिठलं ऐनवेळी दारात आलेल्या दहा पाहुण्यांना पुरवायचं. पुरतं, पण काय केलंय ते पहिल्या घासाला कळतं. त्यात व्हॉट्सअॅपने फोटो आधीच दाबलेला. ही जी जेपेग पद्धत आहे, ती फोटोचे आठ बाय आठ टिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला कळणार नाही असा बारीक तपशील टाकून देते. अंधारात उभ्या असलेल्या लेखकाचं नाक हा तिच्या मते असाच तपशील होता.

ऑपरेटरने सावल्या उचलल्या. चेहरा वर आला. गालावर फरशी बसवल्यासारखे चौकोन आणि त्यांवर लाल-हिरवे दाणे घेऊन आला.

"सर, फाटतोय."

"काय?"

"तुम्ही. म्हणजे फोटो."

तरीही पोरगा हुशार. दाणे बुजवले, कपाळाचा उजेड वेगळा उचलला, डोळ्यांचा वेगळा. मास्क, लेअर, पुन्हा मास्क. लेखकमहाशयांनी इतक्या वर्षांच्या लेखनात कोणत्याही विषयावर पाडला नसेल एवढा उजेड त्याने अर्ध्या तासात त्यांच्यावर पाडला. भिंतीवर कोणीतरी कोरलेलं बदामातलं नाव क्लोनच्या शिक्क्याने पुसलं. मागून डोकावणाऱ्या एका अनोळखी माणसाचं कोपर उडवलं. मग तो मूळ मुद्द्यावर आला.

"सर, केस भरू का?"

"भरायचे म्हणजे?"

"क्लोन मारायचा. डावीकडचे उचलायचे, उजवीकडे टाकायचे."

विचारवंतांच्या बाबतीत ही प्रक्रिया अलीकडे सर्रास दिसते, पण केसांच्याही बाबतीत ती होते हे लेखकमहाशयांना नवीन होतं. त्यांनी तत्त्व म्हणून विरोध केला. मग "अगदी थोडे, कळणार नाहीत असे" म्हणून तत्त्व शिथिल केलं.

"सुरकुत्या किती ठेवू?"

हा प्रश्न त्यांना आजवर एकाही समीक्षकाने विचारला नव्हता. सगळ्या काढल्या तर फोटो साबणाच्या जाहिरातीतला वाटेल, सगळ्या ठेवल्या तर पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यावरचा. "विचार करणाऱ्या माणसाला लागतात तेवढ्या ठेव," असं त्यांनी सुचवलं. ऑपरेटरने कपाळावरच्या दोन ठेवल्या आणि डोळ्यांखालच्या पुसल्या. थोडक्यात, विचार राहिला, जागरण गेलं.

"कोट घालू? निळा आहे, काळा आहे. मागे लायब्ररी पण टाकता येईल, इंग्लिश पुस्तकांची. हार हवा असेल तर तोही आहे. पण ते दोन फोल्डर वेगळे आहेत. एक वाढदिवसाचा आणि एक..."

दुसरा फोल्डर उघडू दिला नाही.

काका हे सगळं मागून ऐकत होते. ते म्हणाले, "आमच्या वेळेला हेच काम पेन्सिलीने होतं."

आणि मग त्यांनी सांगितलं. निगेटिव्ह तिरक्या डेस्कवर मागून उजेड येईल असं लावायचं. त्याला पेन्सिल धरावी म्हणून पातळ रोगण चोळायचं. शिसं सँडपेपरवर घासून सुईसारखं लांब करायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, सुरकुती फिकट रेघ होऊन दिसते. त्या रेघेत शिशाचे बारीक बारीक ठिपके भरले की छापलेल्या फोटोत सुरकुती नाहीशी. "वरमायचा फोटो असला तर दोन तास," काका म्हणाले. "आणि चूक झाली तर कंट्रोल-झेड नव्हतं."

म्यूनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल नावाच्या फोटोग्राफरने १८५५ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एकाच माणसाचे दोन फोटो मांडले होते. निगेटिव्हवर हात फिरवण्याआधीचा आणि नंतरचा. फोटोग्राफीचा शोध जगाला कळला १८३९ साली. म्हणजे 'खरं दाखवणारं यंत्र' हाती आल्यावर पुरती वीस वर्षंही माणसाला ते खरं सोसलं नाही. आपल्याकडच्या स्टुडिओत शिशाची पेन्सिल गेली ती संगणकामुळे. मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणारा थॉमस नोल आणि सिनेमाच्या स्पेशल इफेक्टच्या धंद्यातला त्याचा भाऊ जॉन या दोघांनी लिहिलेलं फोटोशॉप १९९० च्या फेब्रुवारीत बाजारात आलं. जॉन ज्या फोटोवर त्याची करामत लोकांना दाखवायचा, त्यात समुद्रकिनारी बसलेली त्याची मैत्रीण आहे, कॅमेऱ्याकडे पाठ करून. या सॉफ्टवेअरने सुरुवात पाठीपासून केली. तोंडापर्यंत पोचायला त्याला नगरला यावं लागलं.

ऑपरेटरने फाइल सेव्ह करायला घेतली. नाव दिलं: 'चांदबीबी सर फायनल'.

"चांदबीबी नाही," लेखकमहाशय म्हणाले. इथे त्यांच्या आवाजात जी धार आली, ती ओळखणारे लोक सहसा उठून जातात. ऑपरेटरला उठता येत नव्हतं.

तेव्हा थोडं विषयांतर. त्या महालात चांदबीबी राहिली नाही, ती तिथे पुरलेलीही नाही. ती कबर आहे दुसऱ्या सलाबत खानाची. हा मुर्तजा निजामशहाचा मंत्री. त्याने बिचाऱ्याने दगडाची देखणी इमारत आपल्यासाठी उभारली आणि गावाने तिच्यावर नाव दुसऱ्याचंच टाकलं. फोटोत काहीही खाडाखोड न करता नुसत्या खालच्या ओळीने फोटो कसा बदलतो, याचा हा तीन मजली पुरावा पाथर्डी रस्त्यावर उभा आहे.

खाडाखोडीचा खरा मामला मात्र या मुर्तजाच्या आईचा. तिचं नाव खुंजा हुमायून. नवरा हुसेन निजामशहा. हा १५६५ साली तालिकोटच्या लढाईत विजयनगरविरुद्ध जिंकणाऱ्या सुलतानांपैकी एक, आणि त्याच साली वारला. त्याच्या पराक्रमावर आफताबी नावाच्या कवीने फार्सीत काव्य रचलं, 'तारीफ-इ-हुसेनशाही'. त्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेचे जे अगदी सुरुवातीचे नमुने आज उरले आहेत, त्यांत ही पोथी मोडते, आणि ती नगरच्या दरबारातली आहे. त्या चित्रांत सुलतानाशेजारी त्याची बेगम बसलेली होती. होती, असंच म्हणायचं. कारण बऱ्याच चित्रांत तिच्या जागी आता धब्बा आहे. कोणीतरी तिला रंगाने पुसून काढलं आहे. सुलतान बसलाय, दासी उभ्या आहेत, आणि शेजारी एक जागा, जिच्यावर कोणीच नाही.

कारण शोधायला लांब जावं लागत नाही. नवरा गेल्यावर मुलगा लहान म्हणून कारभार खुंजा हुमायूनने हाती घेतला. १५६९ साली मुलाने, म्हणजे याच मुर्तजाने, तिला सत्तेवरून काढून कैदेत टाकलं. चित्रांतूनही तिला तेव्हाच काढलं असावं, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पुढे स्टालिनने एकेकाळी आपल्या गुप्त पोलिसांचा प्रमुख असलेल्या येझोव्हला मारलं आणि मॉस्को कालव्याच्या काठावरच्या फोटोतून पुसून तिथे पाणी आणलं, ती गोष्ट जगभर सांगितली जाते. नगरने ते काम त्याच्या पावणेचारशे वर्षं आधी केलं होतं. फक्त आपल्याला जाहिरात जमत नाही.

आणि या पुसलेल्या बेगमेची मुलगी कोण? चांदबीबी! १५९६ साली मोगलांनी सुरुंग लावून नगरच्या किल्ल्याचा तट उडवला, तेव्हा दिवसभर खिंडारात उभी राहून लढणारी आणि रातोरात ते खिंडार बुजवून घेणारी. सकाळी मोगल बघतात तो तट जिथल्या तिथे. फोटोशॉपमध्ये भोक पडलेली जागा आजूबाजूचं बघून आपोआप बुजवायची सोय २०१० साली आली, तेव्हा साऱ्या जगाने टाळ्या वाजवल्या. नगरच्या माणसाने त्यात विशेष वाटून घेऊ नये.

मुलाने आईला चित्रातून पुसलं, मुलीने तट भरून काढला, आणि मुलाच्या मंत्र्याच्या कबरीला लोकांनी मुलीचं नाव दिलं. कुठल्याही सॉफ्टवेअरविना एवढं एडिटिंग एका घराण्यात झालेलं दुसरं उदाहरण लेखकमहाशयांना माहीत नाही.

"मग फाइलला काय नाव देऊ?" ऑपरेटरने विचारलं. शेवटी 'सलाबत सर फायनल नक्की' असं ठरलं.

तेवढ्यात एक माणूस आत आला. चाळिशीचा, डोकं नुकतं भादरलेलं. दशक्रियेचा फ्लेक्स करायचा होता, आईचा. बरोबर फोटो होता, लग्नातला, चार ओळींत उभे असलेले पन्नासेक लोक. "तिसऱ्या ओळीत, फेट्याच्या मागं," त्याने दाखवलं. आईचा एकटीचा फोटो नव्हता. आधारवरचा होता, पण तो कार्डावर इतका काळा आला होता की त्यात पदरच तेवढा कळत होता.

फेट्याआडून अर्धा चेहरा दिसत होता. पडद्यावर तो अंगठ्याच्या नखाएवढा. ऑपरेटरने तो कापून घेतला आणि मोबाइलमधल्या एका अॅपमध्ये टाकला. हल्ली सगळे हेच करतात. पुसट चेहरा टाका, बटण दाबा, दोन सेकंदांत लख्ख. हे अॅप हरवलेला तपशील शोधून काढत नाही. तो हरवला तो हरवलाच. लाखो परक्या चेहऱ्यांवरून त्याने एक अंदाज शिकलेला असतो, आणि तुमच्या माणसाच्या जागी तो अंदाज बसवतं. डोळ्यांच्या पापण्या, ओठांच्या कडा, कातडीची छिद्रं; सगळं नवं, सगळं स्वच्छ, सगळं दुसऱ्याचं.

चेहरा आला. झाकलेली बाजूही अॅपने भरून दिली होती. रंग दोन-तीन छटांनी उजळ, गाल गुळगुळीत, कपाळ कोरं.

मुलगा बराच वेळ बघत राहिला. "छान आलंय," तो म्हणाला. मग चाचरत, समोरच्याला वाईट वाटू नये अशा बेताने, "पण आई नाही ही."

ऑपरेटरला चूक सापडेना. काका खुर्चीतून उठले, पडद्याजवळ आले आणि म्हणाले, "गोंदण होतं का रे त्यांना?"

होतं. अॅपला ते डाग वाटलं होतं. डाग दिसला की पुसायचा एवढंच त्याला शिकवलेलं.

"कुठं होतं?"

मुलाने स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. "हितं उभी रेघ. तिच्या खाली तीन ठिपके. आणि हनुवटीवर एक, जरा डाव्या अंगाला."

ऑपरेटरने अॅपमधला चेहरा पुसला आणि लग्नातला मूळ तुकडा पुन्हा उघडला. तोच पुसट ठेवला, फक्त उजेड सारखा केला. फेट्याने झाकलेली बाजू पदर पुढे ओढून पदरातच घेतली. मग बारीक ब्रश घेतला, कडा मऊ, रंग हिरवट राखाडी, जोर अगदी कमी, आणि मुलगा सांगेल तिथे एकेक ठिपका ठेवत गेला. "जरा वर. हां. जुनं झालं होतं, एवढं गडद नको." शेवटचा, हनुवटीवरचा ठेवला तेव्हा मुलगा म्हणाला, "आता बघतीय."

फोटो पुसटच होता. फ्लेक्सवर मोठा केल्यावर आणखी पुसट होणार होता. त्याला तो चालणार होता.

लेखकमहाशयांना चीड आली ती घरी जाताना. गोंदण पुसण्याची नाही, यंत्राला काय कळतंय. चीड त्या उजळण्याची. स्टुडिओत, अॅपमध्ये, फोनच्या कॅमेऱ्यात, कोणी सांगो न सांगो, चेहरा दोन छटा गोरा करूनच बाहेर येतो. त्याला 'सुधारणा' म्हणतात आणि ती फुकट असते. लग्नाच्या बायोडाटावरची पोरगी गोरी, दहावीला पहिली आलेली पोरगी गोरी, फ्लेक्सवरचे भाऊ-दादा तर दुधात धुतलेले. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचा चेहरा ज्या उन्हात रापला, ते ऊनच फोटोतून काढून टाकायचं, मग त्या बाईच्या आयुष्यातलं उरलं काय? बरं, ती मेल्यावर तरी तिला तिच्या रंगात राहू द्यावं!

फोटोत नसलेलं माणसाला भरून काढता येत नाही असं नाही. याच जिल्ह्यात त्याचा मोठा दाखला आहे. शिर्डीच्या समाधी मंदिरातली साईबाबांची संगमरवरी मूर्ती १९५४ साली बसवली, बाबांच्या समाधीनंतर छत्तीस वर्षांनी. मूर्तिकार बाळाजी वसंत तालीम यांच्यासमोर बाबा बसलेले नव्हते. हाती होता तो कृष्णधवल फोटो. सपाट, करड्या कागदावरून त्यांना माणसाची खोली काढायची होती. जी बाजू फोटोत नाही, तीसुद्धा. त्यांनीही अंदाजच केला, पण लाखोंच्या सरासरीवरून नाही. एकाच माणसाकडे पुन्हा पुन्हा बघून. शिर्डीत गर्दीतून पुढे सरकताना क्षणभर जो चेहरा दिसतो तो त्या बघण्यातून आलेला आहे.

हे सगळं उदात्त चिंतन झाल्यावर लेखकमहाशय आपल्या फोटोतले भरलेले केस काढून टाकायला परत गेले असतील, अशी वाचकांची समजूत होण्याचा संभव आहे. ते परत गेले नाहीत. उलट ऑपरेटरला फोन करून त्यांनी विचारलं, की कमानीच्या बाजूला अजून चार बसतील का.

अंक निघाला. संपादकांनी फोटो टपाल तिकिटाएवढा, एका रंगात, साध्या कागदावर छापला. छपाईच्या जाळीच्या ठिपक्यांत केस, सुरकुत्या, क्षितिज आणि विचार हे सगळं एकाच करड्या रंगात विलीन झालं. महालाची कमान मात्र बरी आली होती. एका वाचकाने आवर्जून फोन केला. लेखाबद्दल नव्हे, चांदबीबी महालाचा फोटो आवडला म्हणून. लेखकमहाशयांनी त्याला सलाबत खानाबद्दल सविस्तर सांगितलं. त्याने पुन्हा फोन केलेला नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात अशी कोणी असेल, जिचा एकटीचा फोटो नाही (आणि असतेच, सगळ्यांचे फोटो निघत असताना ती चहा टाकायला गेलेली असते), तर तो आता काढा. तिला दाराच्या उंबऱ्याशी बसवा, तोंड उजेडाकडे, तुमची पाठ उजेडाकडे. डोक्यावरचं ऊन नको, सकाळ किंवा उतरती दुपार बघा. फोनमधलं चेहरा उजळवणारं जे काही असेल ते बंद करा. कोणाला पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दाबला जाणार नाही. एक प्रत कागदावर काढून मागे पेन्सिलीने तिचं नाव, गाव आणि साल लिहा. "माझा कशाला मेला फोटो," असं ती म्हणेल आणि पदराने तोंड पुसायला आत जाईल. ती बाहेर येईपर्यंत थांबा.